क्लाव्हिकॉर्ड हातानं बांधायचं असेल तर

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. क्लाव्हिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं, पट्ट्यांचं छोटं तारवाद्य. त्यात तसं होत नाही. पट्टीच्या मागच्या टोकात पितळेचं एक चपटं पातं ठोकलेलं असतं. ते खालून वर येऊन तारेला भिडतं आणि बोट पट्टीवर असेपर्यंत तिथेच टेकून राहतं. या पात्याला टॅन्जन्ट म्हणतात. ते तार छेडतं आणि त्याच क्षणी त्या तारेचं एक टोकही बनतं. पात्यापासून घोडीपर्यंतची तार वाजते. पात्याच्या डावीकडचा भाग लोकरीच्या पट्टीनं मुका केलेला असतो. बोट उचललं की सगळी तारच मुकी होते. आणि बोट पट्टीवर असताना दाब किंचित कमीजास्त केला तर सूर हलतो. जर्मन वादक याला बेबुंग म्हणत, आपण आंदोलन म्हणू. पट्ट्यांच्या इतर जुन्या वाद्यांत सूर वाजत असताना वादकाचं बोट सहसा असं तारेपर्यंत पोचत नाही.

बांधणाऱ्यानं यातून एक गोष्ट पक्की धरावी. सूर नुसता खुंटीनं ठरत नाही, पातं कुठे ठोकलंय त्यावरही ठरतो. म्हणून पेटीपेक्षा पट्ट्यांवर जास्त दिवस घालवायचे. मी पहिल्या वेळी उलटं केलं. पेटीवर तीन महिने आणि पट्ट्यांवर तीन आठवडे घालवले, आणि नंतर सगळ्या पट्ट्या पुन्हा केल्या.

कुठलं वाद्य निवडावं

आन्री आर्नो द झ्वोलच्या 1440च्या सुमाराच्या हस्तलिखितात क्लाव्हिकॉर्डची आकृती आहे. तारीख घातलेलं सगळ्यात जुनं शिल्लक वाद्य 1543चं, डोमेनिकस पिसॉरेन्सिसचं. ते लाइपझिगच्या संग्रहालयात आहे. तिथपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे वाद्य सतत बांधलं गेलं. संगीतकार सी. पी. ई. बाखनं 1753च्या आपल्या ग्रंथात वादकाची खरी पारख क्लाव्हिकॉर्डवरच होते असं लिहिलं, आणि 1781मध्ये झिल्बरमाननं बांधलेलं स्वतःचं क्लाव्हिकॉर्ड दुसऱ्याला देताना निरोपाचा एक राँडो (मुखडा परत परत येणारी रचना) रचला. पुढे पियानोनं त्याला मागे सारलं. वाद्य बांधणाऱ्या आर्नोल्ड डोल्मेचनं 1894मध्ये पुन्हा बांधलं तेव्हापासून आजची परंपरा सुरू झाली.

स्वतःच्या डोक्यातून आराखडा काढू नका. जुनी वाद्यं मोजून काढलेली पूर्ण आकाराची रेखाटनं काही संग्रहालयांकडून मिळतात. एडिनबरो इथल्या संग्रहातलं क्रिस्टियान गॉटलोब हूबर्टचं 1784चं वाद्य याच कारणानं अनेकांनी नकलून बांधलं आहे. पहिल्यांदा बांधणाऱ्यानं मात्र आणखी लहान वाद्य घ्यावं, 45 पट्ट्यांचं. खालचा सप्तक आखूड असतो: सगळ्यात खालची पट्टी दिसायला ई ची, वाजते सी. तिच्या शेजारच्या दोन काळ्या पट्ट्या डी आणि ई वाजवतात. त्या काळच्या संगीताला खालचे काळे स्वर फारसे लागत नसत, म्हणून ही काटकसर.

दुसरा निर्णय सामायिक तारांचा. क्लाव्हिकॉर्डमध्ये एका स्वराला दोन तारांची जोडी असते. ‘बद्ध’ वाद्यात एकाच जोडीवर दोन शेजारचे स्वर वाजतात, फक्त पाती वेगवेगळ्या जागी आदळतात. ‘मुक्त’ वाद्यात प्रत्येक पट्टीला स्वतःची जोडी. मी बद्ध प्रकार सुचवेन, त्यातही डी आणि ए मोकळे ठेवलेला. म्हणजे सी व सी शार्प एका जोडीवर, ई फ्लॅट व ई एका जोडीवर, एफ व एफ शार्प, जी व जी शार्प, बी फ्लॅट व बी तसेच. डी आणि ए एकेकटे. सप्तकाला सात जोड्या होतात. खालचे आठ स्वर मुक्त ठेवले, वरचे तीन सप्तक असे बांधले आणि शेवटचा सी धरला तर एकूण 30 जोड्या, म्हणजे 60 तारा. मुक्त वाद्याला याच पल्ल्यात 90 लागल्या असत्या. तारा कमी म्हणजे ताण कमी, पेटी हलकी आणि सूर लावायला वेळही कमी.

लाकूड

पेटीला ओक, अक्रोड किंवा लिंडेन. तळाला स्प्रूस किंवा पाइन, चांगला जाड. माझ्या वाद्याचा 14 मिलिमीटर आहे. तबलीला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या पातळ फळीला, स्प्रूस. खुंट्यांच्या ठोकळ्याला ओक, बीच किंवा मेपलसारखं घट्ट लाकूड. पट्ट्यांना लिंडेन: हलकं, सरळ धाग्याचं, पटाशीखाली कुठल्याही दिशेनं न फाटणारं.

तबलीची आणि पट्ट्यांची फळी विकत घेताना तिचं टोक बघा. वर्षवलयांच्या रेषा टोकावर उभ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या किंवा कमानीसारख्या दिसल्या तर ती फळी हवेबरोबर वाकणार. लाकडातला ओलावा 8 ते 10 टक्के असावा, आणि तो मोजून बघावा. एका विक्रेत्यानं पूर्ण मुरलेलं म्हणून दिलेलं लिंडेन मी न मोजता वापरलं. चार महिन्यांनी पट्ट्या इतक्या आक्रसल्या की सगळ्यांमध्ये नखभर फट पडली. आता कुठलीही फळी आणली की ती कामाच्या खोलीत पातळ काड्यांवर निदान दोन महिने उघडी ठेवतो.

सगळीकडे गरम सरस वापरा. साधारण 60 अंशांवर ठेवायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची पकड जाते. तो लवकर थिजतो, त्यामुळे सांधा आधी कोरडा बसवून बघावा लागतो आणि शिकंजे हाताशी तयार ठेवावे लागतात. पण पन्नास वर्षांनी कुणाला तबली काढावी लागली तर ऊब आणि ओलावा देऊन तो सुटतो. बांधणाऱ्यानं दुरुस्त करणाऱ्याचा विचार करायलाच हवा.

तळ आणि पेटी

60 तारांवर प्रत्येकी साडेतीन किलो ताण धरला तरी 210 किलो होतात, आणि हा ओढा दिवसरात्र चालू असतो. तारा पेटीत थोड्या तिरक्या जातात, त्यामुळे पेटी नुसती आखडत नाही, पिळवटते. तिला सरळ धरतो तो मुख्यतः तळ. म्हणून तळाच्या फळीचे धागे लांबीच्या दिशेनं हवेत आणि तळ सपाट रंधलेला हवा. दोन सरळ काठ्या तळाच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे डोळा लावा. केसभर पीळही लगेच दिसतो.

पूर्ण आकाराचं रेखाटन तळावरच उतरवा: मागची भिंत, तारा टांगायची पट्टी, खुंट्यांचा ठोकळा, पट्ट्यांची चौकट, घोडीची रेषा. मग खुंट्यांचा ठोकळा आणि टांगणीची पट्टी तळाला सरसानं चिकटवून पक्की करा, कारण ताण याच दोघांवर येतो. त्यानंतर भिंती. कोपरे डव्हटेलनं (कबुतराच्या शेपटीसारख्या, एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांनी) जोडले तर उत्तम, पण नीट केलेला साधा खाचेचा सांधाही टिकतो. पेटीच्या बाहेरच्या रूपावर एवढ्यात वेळ घालवू नका.

पट्ट्या

इथे सावकाश.

लिंडेनच्या फळ्या जोडून एकच रुंद पाट करा, साधारण 12 मिलिमीटर जाड, धागे पुढून मागे जाणारे. 45 पट्ट्यांत पांढऱ्या 27 येतात. एक पांढरी 23 मिलिमीटर धरली तर पुढची रुंदी 621 मिलिमीटर. मागच्या बाजूला मात्र हिशेब वेगळा आहे: प्रत्येक पट्टीचं टोक आपल्या पात्याच्या बरोबर खाली पोचायला हवं. त्यामुळे पट्ट्या सरळ नसतात, मधे वळतात. पुढच्या कडेवर पांढऱ्यांची समान वाटणी करा, मागच्या कडेवर पात्यांच्या जागा मांडा, आणि मग दोन्ही जोडणाऱ्या रेषा ओढा. वळण जिथे तीव्र आहे तिथे पट्टी कमकुवत होते, म्हणून तिथली रुंदी 9-10 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका.

पात्यांच्या जागा अशा काढायच्या. स्वरपट्टी ए = 415 हर्ट्झ धरू. मधल्या सी च्या वरचा सी मग 494 हर्ट्झच्या आसपास येतो. पितळी तारेला या स्वराला 27 सेंटिमीटर लांबी चालते. तार चांगली ताणलेली राहते आणि तुटायच्या मर्यादेपासून पुरेशी दूरही असते. आता याच जोडीवरचा सी शार्प घोडीच्या किती जवळ? समान श्रुतींच्या पद्धतीत (सप्तकाचे बारा सारखे अर्धस्वर) 27ला 1.0595नं भागा: 25.48, म्हणजे पात्यांमधलं अंतर 15.2 मिलिमीटर. जुन्या पाव-कॉमा मीनटोन पद्धतीत (यात पंचम किंचित उतरवून गंधार शुद्ध ठेवतात) हा अर्धस्वर लहान असतो, 1.0449नं भागायचं: अंतर 11.6 मिलिमीटर. मधला मार्ग म्हणजे सहांश-कॉमा, पंचम त्याहून कमी उतरवलेली पद्धत: 1.0525, अंतर साडेतेरा मिलिमीटर. वाद्याचा सूरमेळ असा पितळेत ठोकला जातो, नंतर खुंटी पिळून तो बदलत नाही. मी सहांश-कॉमा निवडतो. नेहमीच्या स्वरस्थानांवर तिसरा स्वर गोड लागतो आणि थोडं दूर भटकलं तरी कानाला बोचत नाही.

खालच्या सप्तकात तारा लांब होत जातात तशी ही अंतरंही वाढतात, आणि दोन शेजारच्या पट्ट्यांची टोकं फार फाकवावी लागतात. तिथले स्वर मुक्त ठेवण्याचं हेही एक कारण.

रेषा झाल्या की पाट चौकटीवर त्याच्या जागी घट्ट धरून बसवा आणि तोलाच्या खिळ्यांची (ज्यांवर पट्ट्या झुलतात त्यांची) भोकं पाट व चौकट यांतून एकदमच पाडा. पट्ट्या सुट्या करण्याआधीच. असं केलं तर प्रत्येक भोक आपल्या खिळ्यावर आपोआप येतं. कापल्यावर पाडली तर 45 वेळा जुळवत बसावं लागेल. प्रत्येक पट्टीवर मागे आणि पुढे क्रमांक लिहा. मगच बारीक दातांच्या करवतीनं कापा, आधी मागच्या लांब रेषा, मग पुढच्या.

तोलाचं भोक खालच्या बाजूला खिळ्याभोवती बरोबर बसणारं ठेवा आणि वरच्या बाजूला पट्टीच्या लांबीच्या दिशेनं पटाशीनं लांबट करा. पट्टी पुढेमागे झुलली पाहिजे, आडवी हलता कामा नये. मागच्या टोकात एक पातळ जीभ बसवायची, जुने कारागीर हाडाची किंवा शिंगाची करत, घट्ट लाकडाचीही चालते. ती जीभ मागच्या दांड्यातल्या उभ्या करवतखाचेत वरखाली सरकते. खाच आणि जीभ यांत कागदाच्या जाडीइतकीच मोकळीक ठेवा. पट्टी हातात धरून चौकटीवर ठेवली आणि सोडली की मागचं टोक आपल्या वजनानं खाली गेलं पाहिजे, आणि आवाज म्हणून नुसता कापडावर पडल्याचा हलका ठप्प. खडखड आली तर मोकळीक जास्त आहे. टोक रेंगाळलं तर कुठेतरी घासतंय. जिभेला मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा, पट्टी चारदा चालवा, चमक कुठे उडाली ते बघा आणि तेवढंच तासा.

वरचे मुलामे शेवटी: पांढऱ्यांना बॉक्सवुड किंवा हाड, काळ्यांना आबनूस. अनेक जुन्या वाद्यांत रंग उलटे, पांढऱ्यांच्या जागी काळ्या. दोन्ही बरोबर.

तबली आणि घोडी

तबली 3 मिलिमीटरपर्यंत रंधा, कडांकडे थोडी अजून पातळ. रंधताना मधूनमधून ती दोन बोटांत लटकवून टिचकी मारा. सुरुवातीला नुसतं लाकूड वाजतं. एका टप्प्यावर ती उघडते, आवाजाला खाली पोट येतं. तिथे रंधा खाली ठेवा. धागे कुठल्या दिशेनं आणि आधाराच्या काड्या कुठे, ते रेखाटनात असतं. त्यात बदल करायला पहिलं वाद्य ही जागा नाही.

तबली कोरड्या दिवशीच चिकटवा, खोलीतली आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास असताना. दमट हवेत फुगलेली तबली चारी बाजूंनी चिकटवली तर कोरडी हवा आली की ती आक्रसू पाहते, आक्रसायला जागा नसते, आणि धाग्याच्या रेषेत फाटते. कोरडी असताना चिकटवलेली तबली दमट दिवसांत जराशी फुगीर होते एवढंच.

घोडी बीच किंवा मेपलची, रेखाटनातल्या वळणाची. तिच्यावर प्रत्येक तारेला एक बारीक खिळा. तार त्या खिळ्याला टेकून किंचित वळली पाहिजे, नाहीतर ती बडबडते.

तारा

वरच्या स्वरांना पिवळं पितळ, साधारण 0.28 मिलिमीटर. 27 सेंटिमीटरच्या तारेवर मग सुमारे 3.8 किलो ताण येतो. खाली जाताना तार जाड होत जाते, अगदी खाली अर्ध्या मिलिमीटरच्या वर, आणि तिथे तांबूस पितळ बरं. हार्पसिकॉर्डच्या (पट्ट्यांच्या दुसऱ्या एका जुन्या तारवाद्याच्या) जुन्या जाडीच्या तारा म्हणून विकल्या जाणाऱ्याच घ्या. आजच्या पियानोची पोलादी तार या पेटीला पेलणार नाही.

टांगणीकडे वेटोळं, खुंटीवर तीन-चार फेरे, एकावर एक न चढणारे. आधी प्रत्येक जोडीतली एकच तार चढवा, तीही सुराच्या बरीच खाली. पात्यांच्या जागा पक्क्या झाल्या की दुसरी. मग मधल्या जोड्यांपासून दोन्ही बाजूंना जात सगळ्या थोड्या थोड्या ताणा. पूर्ण सुराला आणायला मी चार-पाच दिवस घेतो.

पाती

पितळेच्या पत्र्याची, 1 ते दीड मिलिमीटर जाड. वरची कड दोन्ही तारांना एकदम भिडेल इतकी रुंद, खालचं टोक पट्टीत शिरण्यासाठी निमुळतं. वरची कड कानशीनं किंचित गोलसर करा आणि बारीक कागदानं इतकी घासा की नखाला काहीच लागू नये. धारदार कड तार कापते. खडबडीत कड प्रत्येक स्वराआधी ‘स्स’ असा श्वास सोडते.

पट्टी चौकटीवर ठेवून तार जिथे तिच्यावरून जाते तिथे खूण करा आणि मोजलेलं अंतर पुन्हा तपासा. पट्टी बाहेर काढा, पात्याच्या टोकापेक्षा बारीक भोक पाडा, पातं दोन-तीन हलक्या ठोक्यांत बसवा. आता परत जागेवर ठेवून वाजवा. पट्टी स्थिर असताना पात्याचं डोकं आणि तार यांत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. जास्त ठेवलं तर बोटाला पोकळ लागतं, फार कमी ठेवलं तर तार छेडायला वेगच मिळत नाही. दोन्ही तारा एकाच क्षणी उचलल्या जातात का ते खाली वाकून, डोळा तारांच्या पातळीला आणून बघा.

सामायिक जोडीवर आधी खालचा स्वर खुंटीनं सुरात लावा. मग वरचा स्वर ट्यूनरवर बघा. चढा असेल तर त्याच्या पात्याचं डोकं चिमट्यानं किंचित डावीकडे, घोडीपासून दूर झुकवा. उतरता असेल तर उजवीकडे. अर्ध्या मिलिमीटरनंही फरक पडतो. मोजताना पट्टी नेहमीच्या दाबानं दाबा, कारण जोरात दाबली तर तार उचलली जाऊन सूर चढतो आणि मग मोजमापालाच अर्थ राहत नाही. पहिल्या दिवशी मी घाबरून जोरजोरात दाबून मोजत होतो, आणि सगळे शार्प स्वर उतरते बसवले होते.

लोकर

पात्यांच्या डावीकडे, टांगणीपर्यंतच्या भागात सेंटिमीटरभर रुंदीची लोकरी कापडाची पट्टी तारांमधून विणायची: एका जोडीच्या वरून, पुढच्या जोडीच्या खालून. पहिल्या ओळीच्या शेजारी दुसरी, उलट क्रमानं. पुरेशी विणली की बोट उचलल्यावर तार झटकन गप्प होते. ती घुमत राहिली तर लोकर कमी आहे. स्वर सुरुवातीलाच गुदमरला तर लोकर पात्यांच्या फार जवळ आली आहे.

बिघाड ओळखणे

एकच स्वर ठोकळ्यासारखा लागतो, गात नाही: बहुतेक वेळा पातं एकाच तारेला भिडतंय किंवा सैल झालंय. स्वरामागे झंकार येतो: घोडीवरचा खिळा बघा, तार त्याला नीट टेकलेली नसते. पट्टी वर येत नाही: दमट दिवसांत जीभ खाचेत फुगते, खाच नव्हे, जीभ तासा. सगळं वाद्य दोन आठवड्यांत उतरलं: तारा नव्या आहेत, पुन्हा लावा, आणि महिनाभर लावत राहा.

एक पट्टी दाबून धरा, बोट न उचलता दाब हळूच वाढवा, सोडा, वाढवा. स्वर डोलला तर तोल, जीभ, पातं, लोकर चारही बरोबर बसली आहेत. न डोलता नुसता कर्कश चढला तर तार फार उचलली जातेय. पट्टीच्या पुढच्या बाजूखाली कापडाची एक घडी वाढवून तिची खाली जाण्याची खोली कमी करा.

आवाज लहान आहे. शेजारच्या खोलीत तो पोचणार नाही, आणि पोचवण्यासाठी तबली मोठी किंवा तारा जाड करायच्या फंदात पडू नका. खोलीतला पंखा बंद करा, खिडकी लावा आणि पाच मिनिटं काही न वाजवता बसा. मग पहिला स्वर वाजवा.